कोठ्यात जेवणावळी झाल्या, पण प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावावर?

दर्यापूर-मूर्तिजापूर भागातला एक जुना वाडा आता कृषी पर्यटन केंद्र झाला आहे. मागच्या महिन्यात एका बैठकीच्या निमित्ताने तिथे गेलो. ढोरांच्या कोठ्यात जेवणाची टेबलं, गव्हाणीत फुलझाडं, भिंतीला बंडीचं चाक. ज्वारीच्या कोठारात एसी खोल्या. दारातल्या पाटीवर वाडा कुणी बांधला, घराण्यात कोणकोण मोठं झालं, सगळं होतं. कोठ्यात कोण राबलं, यावर एक ओळ नाही.

माझे आजोबा अशाच एका वाड्यावर सालदार होते. पाडव्याला साल लागायचं, पुढच्या पाडव्याला संपायचं. झोपणं कोठ्यातच, बैलांजवळ. शेण काढायला, वैरण टाकायला त्यांचा हात चालायचा. ओसरीवर मात्र पाय चालत नव्हता. पाणी वरून ओतलं जायचं. त्या वास्तूला 'ग्रामीण संस्कृतीचा ठेवा' म्हणताना कुणाची संस्कृती, हे विचारावंच लागेल. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचं गोडवं गाणाऱ्यांना सुनावलं होतं. ते गोडवं आता पॅकेजमध्ये विकायला आलंय, दोन वेळचं जेवण धरून.

वापर बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, मागोमाग रेल्वे आली. तेव्हा कापसाने पैसा आणला, वाडे-कोठारं भरली. आता बैल गेले, ट्रॅक्टर आला. सालदार पुण्याला कंपनीत नाहीतर बांधकामावर गेला. रिकामा कोठा पडून सडण्यापेक्षा वापरात आलेला बरा. गावोगावच्या गढ्यांची पांढरी माती लोकांनी नेलीच की घरं सारवायला! राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यातून कुणाला रोजगार मिळत असेल तर वाईट काय? (तिथे वाढणाऱ्या बाया कोणत्या वस्तीतल्या होत्या, ते मी विचारलं. उत्तर तुम्हाला माहीत आहे.)

पाटीचं भांडण मी सोडूनही देईन. खरं भांडण जमिनीचं आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन घराघराला प्रॉपर्टी कार्ड मिळतंय. वाड्याच्या मागच्या अंगाला, जुन्या कोठ्याच्या टोकाला कुडाचं घर करून दोन-तीन पिढ्या राहणारी सालदारांची कुटुंबं अजूनही आहेत. "राह्य इथंच," एवढ्या मालकाच्या शब्दावर. आता त्याच कोपऱ्यात स्विमिंग टँक करायचाय. अकोला जिल्ह्यातल्या एका गावात एका आजीने मला विचारलं, "बाबू, थ्या इमानातून माहं घर दिसलं असन काय?" घर दिसलं असेलच. पण ड्रोनला छप्पर दिसतं, छपराखाली कोण राहतं ते चौकशीत कुणीतरी सांगावं लागतं. आजीच्या गावात चौकशीच्या दिवशी आपल्या वस्तीतलं कुणी हजरच नव्हतं. सगळे सोयाबीन काढायला गेलेले.

यात आपलीही चूक आहे. जयंतीच्या वर्गणीची यादी आपल्याकडे पाठ असते. वस्तीतल्या कुणाच्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला आहे आणि कुणाची नाही, याची यादी किती गावांत आहे? नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे, हे खरं. पण घरपट्टीच्या पावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड, मतदार यादी एकत्र ठेवली तर इतकी वर्षं इथे कोण राहतंय हे नाकारणं अवघड जातं.

म्हणून अमरावती-अकोल्यातल्या तरुण कार्यकर्त्यांना विनंती: तुमच्या गावची मोजणी कुठवर आली ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन विचारा. चौकशी बाकी असेल तर वाड्या-कोठ्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कार्ड निघालं असेल तर नक्कल काढून हद्द कुठून गेली ते बघा. अर्ज कसा लिहायचा अडलं तर मला कळवा, रविवारी मी मूर्तिजापूरला असतो.