जमाखर्चात न येणारी बोटे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने लिहायचे तर महागाईवर लिहावे, बँकांवर लिहावे, फार तर हुंडाबंदीवर लिहावे, अशी साधारण अपेक्षा असते. मी लिहिणार आहे हातात धरून चालवायच्या कटरविषयी. हा विषय इंजिनिअरिंगवाल्यांचा, त्यात तू कुठे शिरतोस, असे एका मित्राने विचारलेही. पण गेली दोन वर्षे मी संध्याकाळी एका फॅब्रिकेशनच्या दुकानात हिशेब लिहितो. तिथे बसून माझे असे मत झाले आहे की, ह्या यंत्राने होणारे बहुतेक अपघात वहीच्या पानावर आधी घडतात आणि हातावर मागाहून.

हे यंत्र आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. कुणी त्याला ग्राइंडर म्हणतो, कुणी कटर, कुणी नुसतेच 'मशीन'. उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांत कास्टिंगच्या कडा साफ करायला तेच, खिडकीची जाळी करणाऱ्याकडे पाइप कापायला तेच, आणि दगडाची चकती लावलेला त्याचा भाऊबंद घराघरांत फरशी कापायला. १९५४ साली जर्मनीत हे कोनाकृती यंत्र प्रथम बाजारात आले. आज आपल्याकडे ते इतके स्वस्त आणि सवयीचे झाले आहे की, त्याची भीती कुणाला वाटतच नाही.

भीती का वाटावी, ते आकड्यांनी सांगतो. चार इंची यंत्राची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १८३. चकतीचा परीघ साधारण ३१ सेंटिमीटर. गुणाकार केला की चकतीच्या कडेचा वेग सेकंदाला सत्तावन्न मीटर, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वर येतो. चकती असते राळेने घट्ट केलेल्या खड्यांची, आत काचतंतूंची जाळी घातलेली, आणि कापायची असेल तर जाडी एखाद-दोन मिलिमीटर. ती फुटली तर तिचा तुकडा ह्याच वेगाने निघतो. 'सावध' म्हणायला तोंड उघडेपर्यंत तो पोचलेला असतो.

म्हणून चकतीवर लोखंडी गार्ड दिलेला असतो. चकती आणि माणूस ह्यांच्यामध्ये उभी राहणारी तेवढी एकच वस्तू. आणि आपल्याकडच्या दुकानांत सर्वात आधी काढून कोपऱ्यात टाकली जाते तीही हीच. कारणे तीन सांगतात. गार्डमुळे कापायची रेघ दिसत नाही. अडचणीच्या जागी यंत्र शिरत नाही. आणि मोठी चकती बसत नाही. ह्यातले तिसरे कारण सर्वात घातक. सात इंची चकतीवर कमाल वेग छापलेला असतो साडेआठ हजारांच्या आसपास. तिच्या मोठ्या भोकात वायसर भरून ती चार इंची यंत्रावर चढवली, तर ती अकरा हजारांनी फिरू लागते. ह्या चकत्या सेकंदाला ऐंशी मीटर कडवेगासाठी बनवलेल्या असतात. इथे तो शंभराच्या पुढे जातो. चकतीवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तो दीडपटीहूनही जास्त होतो. ही चकती फुटली तर त्याला अपघात म्हणावे का, असा मला प्रश्न पडतो. ते गणिताचे उत्तर आहे.

दुसरा धोका 'झटक्या'चा. दोन टोकांवर टेकवलेला पाइप मधोमध कापायला घेतला की पाइप मध्यावर वाकतो, कापलेली फट वरून मिटते आणि फिरती चकती तिच्यात आवळली जाते. चकती थांबते, पण मोटारीचा जोर थांबत नाही, आणि सगळे यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. एका हाताने धरले असेल तर ते आवरणे कुणालाही शक्य नाही. त्यासाठी पाइप कापायच्या जागेजवळ पक्का धरावा आणि तुटणारे टोक मोकळे लोंबू द्यावे, म्हणजे फट मिटण्याऐवजी उघडत जाते. पाइप पायाखाली दाबून धरण्याची आपल्याकडची सर्रास पद्धत तर सोडूनच द्यावी. पाय म्हणजे व्हाइस नव्हे.

बाकीचे नियम कोणताही जुना मिस्त्री सांगेल. चकती बदलताना आधी प्लग काढावा, नुसते बटण बंद करून भागत नाही. चकतीला तडा गेला आहे का, ती ओलीने खराब झाली आहे का, हे पाहावे. तिच्या मधल्या कड्यावर मुदतीची तारीख असते तीही वाचावी, कारण राळ जुनी झाली की कमकुवत होते. नवी चकती चढवल्यावर अर्धा-एक मिनिट यंत्र अंगापासून दूर धरून नुसते फिरू द्यावे. बाजूची मूठ लावूनच, दोन्ही हातांनी धरावे. चकतीच्या रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. कापायच्या पातळ चकतीने घासू नये, कारण तिला बाजूचा दाब सोसत नाही. डोळ्यांवर बाजूनेही बंद असलेला चष्मा हवा. सैल बाही, गळ्यातला गमछा, ओढणी, विणलेले सैल हातमोजे, हे सगळे चकती ओढून घेते. पेट्रोल, डिझेल किंवा थिनरचे रिकामे पिंप तर कधीच कापू नये. रिकाम्या पिंपात वाफ उरलेली असते आणि तिला एक ठिणगी पुरते.

आता प्रश्न असा की, एवढे साधे नियम पाळले का जात नाहीत? 'कामगारच निष्काळजी' हे उत्तर सोपे आहे आणि ते देणारा बहुधा गल्ल्यावर बसलेला असतो. माझे उत्तर वेगळे आहे. जाळीचे काम किलोवर किंवा चौरस फुटावर ठरते. गार्ड काढल्याने, मोठी चकती लावल्याने दिवसाकाठी जे काम जास्त उठते, त्याचा फायदा त्याच संध्याकाळी वहीत जमेला पडतो. नुकसान मात्र कधी तरी होणार, कुणाला तरी होणार, आणि झालेच तर ते दुकानाच्या वहीत जवळजवळ दिसत नाही. लाभ एकाच्या खात्यावर आणि जोखीम दुसऱ्याच्या अंगावर अशी वाटणी झाली की, जोखीम वाढतच जाणार. हे सांगायला अर्थशास्त्राचे मोठे ग्रंथ नकोत.

माझ्याबरोबर मराठी शाळेत दहावीपर्यंत असलेला एक मुलगा पुढे एका दुकानात लागला. चकतीचा कण लागून त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. मालकाने दवाखान्याचे पहिले बिल भरले. त्याबद्दल लोकांनी त्याला चांगलेही म्हटले. आठ दिवसांत त्या जागी दुसरा मुलगा आला. त्या दुकानाची वही मी पाहिलेली नाही. पण अशा वह्या कशा लिहितात हे मला ठाऊक आहे. ते बिल 'किरकोळ खर्च' ह्या सदरात, चहा आणि झाडूच्या शेजारी गेले असणार. त्या मुलाला आता वेल्डिंगची बारीक रेघ जमत नाही, रात्री सायकल चालवता येत नाही. ही नोंद कोणत्या पानावर घालायची?

कायद्याने अशा नोंदीचा दर ठरवलेला आहे, हे मला आमच्या व्यापारी कायद्याच्या पेपरामुळे कळले. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली असे धरले होते, तर्जनी पूर्ण गेली तर चौदा टक्के, एक डोळा गेला तर चाळीस. वाचताना अंगावर काटा येतो, पण निदान तिथे हिशेब आहे. तो मागायला मात्र नोकरी सिद्ध करावी लागते, आणि लहान दुकानात ना हजेरीपट असतो ना पगाराची पावती. डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३५ व्या कलमात होती. पण विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच तो 'कारखाना'. २०२० च्या नव्या संहितेने ही संख्या वीसवर नेली. चार माणसांचे दुकान तेव्हाही बाहेर होते आणि आता तर आणखी दूर गेले. चकतीला मात्र दुकानात किती माणसे आहेत ते मोजता येत नाही.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. 'चष्मा आणून दिला तरी घालत नाहीत' ही त्यांची तक्रार खोटी नाही. मी स्वतः आमच्या दुकानातल्या मिस्त्रींना, "अण्णा, चष्मा घाला की," असे म्हटले आहे, आणि "त्यातून दिसत नाही रे," हे उत्तर ऐकले आहे. चष्मा मी घालून पाहिला. काच चरे पडून धुरकट झालेली, पावसाळी हवेत आतून वाफ धरलेली. खरेच दिसत नव्हते. सहा महिन्यांपूर्वीचा चष्मा खिळ्याला टांगून ठेवणे म्हणजे सुरक्षा नव्हे. नवा चष्मा एका दिवसाच्या मजुरीपेक्षा स्वस्त येतो. झिजलेली चकती जशी बदलतो, तसा तोही बदलायचा असतो.

दुसरी अडचण मनाची आहे. गार्डशिवाय, उघड्या डोळ्यांनी, एका हाताने सफाईने कापणाऱ्याला आपण 'हुशार कारागीर' म्हणतो. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये हाच शब्द आहे, पण तिथे 'हुषार' म्हणजे सावध, जपून. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला कन्नड आई 'हुषार' असे बजावते. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या गावाला हा दुसरा अर्थ उसना आणायचीही गरज नाही. ज्याची दहा बोटे साठाव्या वर्षी शाबूत आहेत तोच हुशार, एवढे दुकानादुकानांत रुजले तर अर्धे काम झाले.

ज्याचे नुकसान ताबडतोब दिसत नाही त्याविषयी थोडे. फरशी, ग्रॅनाइट किंवा स्वयंपाकाच्या ओट्याचा कृत्रिम क्वार्ट्ज दगड कोरडा कापला की जी पांढरी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो आणि त्यावर उतारा नाही. कृत्रिम दगड कापणाऱ्या तरुण कामगारांत हा रोग आढळू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदीच घातली. आपल्याकडे तोच दगड बंद खोलीत, तोंडाला रुमाल बांधून कापला जातो. कापताना चकतीवर पाण्याची धार सोडणे आणि तोंडाला चांगला मास्क लावणे, एवढे तरी घर बांधणाऱ्याने मागितले पाहिजे. 'पाण्याने भिंत खराब होते' म्हणून कोरडे कापायला लावणारे बहुतेक वेळा आपणच, म्हणजे घरमालकच असतो.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? यंत्राच्या खोक्यात सूचनांची पुस्तिका असते, आणि मी पाहिलेल्या सगळ्या इंग्रजीत होत्या. चालवणारा मराठी किंवा कन्नड वाचतो, आणि अलीकडे उत्तरेकडून आलेला असेल तर हिंदी. पाट्यांच्या भाषेवरून आपल्या शहरात पुष्कळ वाद झाले आहेत. ही पाटी मात्र कुणीच लावलेली नाही. ह्या अंकाला मराठी विभाग आहे आणि कन्नड विभागही आहे. दोन्ही विभागांनी मिळून एका कागदावर, मोठ्या अक्षरांत दहा ओळी छापाव्यात, खाली हिंदीत त्याच द्याव्यात, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी तो कागद दुकानोदुकानी नेऊन भिंतीला लावावा. मजकूर आयटीआयच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावा. ह्याला फार मोठा निधी लागत नाही.

आणि माझ्या वर्गमित्रांना एक विनंती. आपल्यातले पुष्कळ जण पदवीनंतर अशाच लहान दुकानांच्या वह्या लिहिणार आहेत. त्या वहीत 'सुरक्षा साहित्य' असे एक स्वतंत्र खाते उघडा. चष्मा, गार्ड, मास्क, योग्य मापाची चकती ह्यांचा खर्च त्यात लिहा. वर्षअखेरीस ते पान कोरे राहिले असेल, तर ताळेबंदावर मालकाची सही घेण्यापूर्वी ते पान त्यांच्यापुढे उघडा आणि ते कोरे का, एवढे विचारा.