गाव की शहर? पण ठरवणार कोण?

गेली काही वर्षं एका प्रकारचे लेख सारखे वाचायला मिळतात. पुण्या-मुंबईतली चांगली नोकरी सोडून एखादं जोडपं गावी जातं, सेंद्रिय शेती करतं, चुलीवरची भाकरी खातं आणि 'खरं जगणं इथंच आहे' असं सांगतं. सोबत फोटो असतो. भाकरी कोण थापतंय ते फोटोत दिसतं, लेखात येत नाही. पुण्यातला फ्लॅट भाड्यानं दिलेला आहे आणि गावचा सातबारा आजोबांपासून घरात आहे, हेही लेखात येत नाही.

आपल्यापैकी अनेकींना हे लेख वाचून राग येतो. मलाही येतो. मग आपण दुसरं टोक गाठतो. गाव म्हणजे जात, भावकी, डोक्यावरचा पदर. शहर म्हणजे मोकळा श्वास. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या उदात्तीकरणावर जी कठोर टीका केली, तिचा आपण आधार घेतो, आणि तो योग्यच आहे. जिला पाणवठ्यावर बाजूला उभं राहावं लागलं, तिला गावाचं गुणगान कुणी ऐकवू नये. पण गाव वाईट म्हणून शहर बाईचं झालं, हा जो हिशेब आपण मनातल्या मनात करून टाकतो, तो मला मान्य नाही.

गाव की शहर हे ठरवायला बाईच्या नावावर निदान एकीकडे तरी काही असावं लागतं. जमीन, घर, खोली, निदान रेशनकार्ड. ते नसेल तर तिला इकडून तिकडे हलवलं जातं, आणि त्याला आपण 'निवड' असं गोंडस नाव देतो.

आकडेच पाहा. २०२०-२१ च्या राष्ट्रीय श्रमशक्ती पाहणीत स्थलांतरित बायकांपैकी जवळजवळ ८७ टक्के बायकांच्या स्थलांतराचं कारण 'लग्न' असं नोंदलं गेलं. म्हणजे बाई कुठं राहणार हे बहुतेक वेळा पाहायच्या कार्यक्रमात, पोहे खाता खाता ठरतं. मुलगा पुण्यात असेल तर पुणे, सासरी शेती असेल तर शेती. आणि ज्या शेतात ती जाते तिथं तरी तिचं काय असतं? ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार बायकांपैकी साधारण तिघी शेतीत राबतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीधारकांत बायकांचं प्रमाण आहे सुमारे १४ टक्के.

हे मी उंचावरून सांगत नाही. माझी स्वतःची चूक यात आहे, ती आधी सांगते.

एम.एस.डब्ल्यू. झाल्यावर मी मराठवाड्यातल्या एका संस्थेत लागले. वर्ष २०१३. सलग दुसऱ्या वर्षी टँकर आणि छावण्या चालू होत्या. आमच्या प्रकल्पाच्या अहवालात एक रकाना होता : 'स्थलांतर रोखलेली कुटुंबे'. तो रकाना दर तिमाहीला भरणं हे माझं काम. पैसे देणाऱ्यांना तो आकडा फार आवडायचा. मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू?

त्या गावात कमल होती (नाव बदललं आहे). नवऱ्यानं दुसरी बाई आणली होती, कमल दोन मुलं घेऊन सासऱ्याच्याच पडवीत राहत होती. पुण्यात धुण्याभांड्याची कामं मिळतात असं तिच्या मावसबहिणीनं कळवलं होतं. ती निघण्याच्या तयारीत होती. मी तिला थांबवलं. शहरात मुलं बिघडतील, झोपडपट्टीत राहावं लागेल, इथं आपला गट आहे, सगळ्याजणी आहोत, असं सगळं शिबिरात शिकवलेलं मी तिला ऐकवलं. बचत गटातून तिला चार शेळ्या मिळवून दिल्या. रकान्यात एक आकडा वाढला.

शेळ्या बांधायच्या कुठं? सासऱ्याच्या गोठ्यात. चारायच्या कुठं? दिराच्या बांधावर. वर्षभरात दोन शेळ्या दिरानं विकल्या, एक मेली, एक घरातल्या लग्नात कापली गेली. गटाचं कर्ज मात्र कमलच्या नावावर राहिलं. नाव लागलं ते फक्त तिथं. शेवटी पडवीही गेली. एका पहाटे ती मुलांना घेऊन एस.टी.नं पुण्याला गेली, कर्जाचे उरलेले हप्ते तिथून पाठवत राहिली. माझ्या अहवालात याची नोंद झाली नाही, कारण तसा रकानाच नव्हता.

पुढं मी पुण्यात एका वस्तीत काम करू लागले, तिथं ती भेटली. मी माफी मागायला गेले तर तिनं चहा केला आणि म्हणाली, "ताई, तुमी वाईट न्हाई केलं. पण तुमी मला गावात थांब म्हणाला, ते गाव माझं हाय का, हे इचारलं न्हाई."

शहरात तिनं पाच घरची कामं धरली. पैसा हातात येऊ लागला, मुलं शाळेत गेली. कुणी विचारणारं नव्हतं, याचं तिला सुख होतं. हे सुख खोटं नाही आणि आपण ते हलकं लेखू नये. पण दहा बाय दहाच्या खोलीचा भाडेकरार कधी झालाच नाही. डिपॉझिट तोंडी, पावती नाही. घरमालकानं दोनदा खोली बदलायला लावली. 'एकटीच राहता का?' या प्रश्नाला तिला दर वेळी एक खोटा नवरा उभा करावा लागला.

मग २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली. सोसायट्यांची फाटकं बंद झाली, पाचही घरची कामं थांबली. रेशन घ्यायला गेली तर कमलचं नाव नवऱ्याच्या कार्डावर, गावी. आणि कार्ड नवऱ्याच्या हातात. परित्यक्तांना स्वतंत्र रेशनकार्ड मिळावं ही मागणी संगमनेर, सांगली भागातल्या चळवळींनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस लावून धरली होती. तीस वर्षांनंतरही पुण्यातल्या दुकानाच्या दारात एक बाई त्याच कागदासाठी उभी होती.

मे महिन्यात ती माहेरी गेली. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत काढले. त्यानंतर भावानं घरात घेतलं, भाऊ चांगला आहे. पण तिसऱ्या आठवड्यात त्यानं विचारलं, "किती दिवस हायस, आक्का?" त्या जमिनीत कमलचा कायद्यानं हिस्सा होता. तो तिनं सहा वर्षांपूर्वी, भावाला सोसायटीचं कर्ज काढायचं होतं तेव्हा, हक्कसोड पत्रावर अंगठा देऊन सोडला होता. मोबदल्यात एक साडी. 'नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं,' ती सांगते. सही करूनही माहेर तीन आठवडेच टिकलं.

आता काही मैत्रिणी म्हणतील, कायदे तर झाले. झाले, आणि ते आपल्या लढ्यामुळं झाले. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं चांदवडचं अधिवेशन १९८६ चं. त्यानंतर 'लक्ष्मीमुक्ती'त बायकांच्या नावावर जमीन करून देण्याचा कार्यक्रम निघाला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हिस्सा दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्राचा कायदा २००५ मध्ये सुधारला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क मुलीला जन्मानं आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. पण कायदा वर जातो आणि हक्कसोड पत्र खालून येतं. ते रक्षाबंधनाच्या, भाऊबीजेच्या ओवाळणीच्या ताटातून येतं, म्हणून आपल्याला दिसत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. कागदावर नाव लागलं म्हणजे सत्ता आली का? नाही आली. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्या टक्क्यासाठी बायकोच्या नावावर घर करून चावी आपल्याच खिशात ठेवणारे पुरुष मी पाहिले आहेत. तरीही मी कागदाचा आग्रह धरते. ज्या बाईचं नाव आहे तिला हाकलायला तिची सही लागते. जिचं नाव नाही तिला हाकलायला फक्त आवाज चढवावा लागतो.

तिसरा आक्षेप : मग स्थलांतर चालू द्यायचं का? बीडची ऊसतोड बाई दर दिवाळीनंतर साखरपट्ट्यात जाते, ते का तिच्या मुक्तीसाठी? मुळीच नाही. तिथं एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल नवरा घेतो, फेडायला दोघं राबतात. मजुरी बुडू नये म्हणून पिशव्या काढून टाकलेल्या बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. तिचं जाणं ही निवड नव्हे, तसंच कमलचं थांबणंही निवड नव्हती. म्हणून प्रकल्पांनी 'स्थलांतर थांबवलं' किंवा 'शहरात बसवलं' याचे आकडे मोजणं बंद करावं.

मग मोजायचं काय? माझी सूचना अशी आहे. प्रत्येक महिला मंडळानं, गटानं एक वही घालावी. प्रत्येकीपुढं चार रकाने : सातबाऱ्यावर नाव आहे का? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, किंवा शहरात खोलीच्या कागदावर आहे का? रेशनकार्ड कुणाकडे आहे? हक्कसोड पत्रावर सही केली आहे का, आणि तेव्हा सोबत कोण होतं? बचत गटाचं कर्ज देण्याआधी ही वही उघडावी. मुलीच्या लग्नाआधी उघडावी. कुणी सहीला निघाली की गटातल्या दोघीजणी तिच्यासोबत जाव्यात आणि 'आठवडाभर थांबते' एवढं म्हणायचं बळ तिला द्यावं. सुरुवात आपल्या कार्यकर्त्यांच्या घरापासून करावी. माझ्या स्वतःच्या पानावर चारपैकी दोन रकाने रिकामे निघाले, हेही लिहून ठेवते.

कमल पुन्हा पुण्यात आली आहे. या वेळी खटपट करून स्वतःच्या नावानं रेशनकार्ड काढलं. अकरा महिन्यांचा भाडेकरारही करून घेतला. मुलगी बारावीला आहे. गावाकडं एक खोली बांधावी असं तिच्या मनात येतं, पण जागा कुणाची, हा प्रश्न तिथंच आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात ही वही भरून पाहा, आणि काय निघालं ते पुढच्या अंकासाठी कळवा.