शपथ नको, उपचार द्या

संपादक महोदय,


आषाढ संपत आला की गटारीचे विनोद सुरू होतात, आणि अमावस्या उलटली की घरोघरी एकच आग्रह: ‘श्रावण आहे, आता महिनाभर दारूला शिवायचे नाही.’ कधीतरी घेणाऱ्याने तो जरूर पाळावा. पण सकाळी चहाचा कप धरण्यापुरते हात स्थिर व्हावेत म्हणून ज्याला आधी दारूचा घोट लागतो, त्याने डॉक्टरांच्या मदतीशिवाय एका दिवसात दारू बंद करणे जिवावर बेतू शकते. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी केल्यामुळे हे पोटतिडकीने लिहीत आहे.

पाय मोडला म्हणून दाखल झालेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अचानक घामाघूम होतो, थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो, सलाईन उपसून पळू पाहतो. नातेवाईक बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणतात. खरे कारण एवढेच असते की रोज पिणाऱ्याची दारू अपघातामुळे बंद पडलेली असते आणि दाखल करताना ती गोष्ट लाजेपोटी कोणी सांगितलेली नसते. दारू मेंदूचे काम मंदावते. वर्षानुवर्षे ती रोज पोटात गेली की मेंदू तिला तोल म्हणून स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की ती उत्तेजना मोकाट सुटते. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो. त्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. गर्दची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, बघवत नाही, पण तिच्यापेक्षा दारूची टर्की जीव घेण्याची भीती जास्त. योग्य गोळ्या हळूहळू कमी करत दिल्या आणि थायमिनची इंजेक्शने वेळेवर मिळाली, तर हा काळ सहसा सुखरूप पार पडतो.

तरीही आपण म्हणतो, मनावर घेतले तर सुटते! अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 मध्येच दारूच्या व्यसनाला आजार मानले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. हा आजार जडण्याच्या धोक्यात सुमारे निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, ते व्यसनी माणसाला रुग्ण मानूनच. ‘महिनाभर सोडून दाखवतो, मग मी बेवडा कसा?’ हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. थांबता येणे आणि पुन्हा सुरू केल्यावर प्रमाणात राहता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजार कळतो तो दुसऱ्या गोष्टीत.

‘आजार म्हटले की त्याला निमित्तच मिळाले,’ असे अनेक बायका चिडून म्हणतात. ज्यांनी मार खाल्ला, ज्यांचे मंगळसूत्र गहाण पडले, त्यांचा राग अगदी रास्त आहे. पण आजारी असण्याने मारहाण माफ होत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा त्यांच्यासाठी तसाच उभा आहे. उलट रुग्ण ठरल्यावर त्याची जबाबदारी वाढते, कारण उपचार घेणे आता त्याच्यावर आहे.

उपचार मात्र मिळतात किती जणांना? केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आणि अशा आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्यावा असे सांगितले. तरी आरोग्य विम्याच्या पॉलिसीत वगळलेल्या बाबी वाचा. मद्यासक्तीवरील उपचार त्यांत सर्रास सापडतील. ही ओळ कायद्याच्या हेतूला हरताळ फासते, ती काढायलाच हवी.

शेवटी एक विनंती आपल्यालाच. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती वृत्तपत्रांत छापल्या जातात. हतबल झालेली माउली ती पूड आमटीत कालवते. तिच्यात काय आहे हे तिला ठाऊक नसते. दारूची घृणा आणणारे डायसल्फिराम तिच्यात असेल आणि माणूस त्यावर प्यायला, तर रक्तदाब कोसळतो, छाती धडधडते, हृदयरोगी असेल तर प्राणही जाऊ शकतात. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायचे असते. आपण या जाहिराती घेणे थांबवावे आणि त्या जागेत 14446 हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक छापावा.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा