रीतीच्या नावानं

सिरसाळ्यात, किंवा परळीपासून धारूर-माजलगावपर्यंत कुठल्याही गावात, बापाच्या माघारी जमिनीचा विषय निघाला की चार वाक्यं ठरलेली असतात. लेकीला वावर द्यायची आपल्यात रीत नाही. तिचं लग्नात दिलं. तुकडे पडतील. आणि शेवटचं, माहेर तुटेल. बोलणारे काही दुष्ट नसतात. भाऊबीजेला हौसेनं बहिणीला साडीचोळी करणारेच असतात. पण चारही वाक्यं तपासली की टिकत नाहीत, आणि पहिलं तर मुळीच नाही.

या भागाला लागू असलेलं वारशाचं शास्त्र म्हणजे मिताक्षरा. ते काही काशीहून आलेलं नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरानं ते लिहिलं. (बीड आणि बिदर 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हा शेजारचाच ग्रंथ म्हणायचा.) जन्मतःच हक्क त्यानं मुलग्यांना दिला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका आहे तो याज्ञवल्क्य सांगतो, की बहिणींना चौथा अंश द्यावा, आणि त्यावर तेव्हाही वाद होता. भारुची या जुन्या टीकाकाराचं म्हणणं, लग्नाला लागेल तेवढं दिलं की झालं. विज्ञानेश्वर ते खोडून काढतो. बापाच्या मागं अविवाहित राहिलेल्या मुलीचा तो हिस्साच आहे, लग्नखर्चाची तजवीज नव्हे. निपुत्रिक विभक्त माणसाची मालमत्ता तो विधवेला देतो, तिच्यामागं मुलीला. वारशानं, वाटणीनं, खरेदीनं बाईकडं आलेलं सगळं तो स्त्रीधनात धरतो. ही मोकळीक पुढच्या काही निबंधकारांनी आवळली, आणि ब्रिटिश अमलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं नवऱ्याकडून आलेल्या मालमत्तेवर विधवेचा हक्क हयातीपुरताच ठरवून गाठ पक्की केली. ती सुटायला 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा यावा लागला.

नऊशे वर्षांपूर्वीचा पंडित बहिणीच्या बाजूनं चार शब्द बोलला, म्हणून आजचा हक्क सिद्ध होत नाही. एवढंच दिसतं, की ज्याला अनादि म्हणतात त्यावर तेव्हाही भांडण चालू होतं.

बहिणीचा हक्क मानणारे, आमच्या बाजूचे काही उत्साही लोक उलटं टोक गाठतात. सातवाहन स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवत, म्हणजे इथं मातृसत्ता होती, असं ते सांगतात. आईचं नाव लावत, पण गादी बापाकडून मुलाकडं जाई. या समजामागं एक जुनी शिडी आहे: मानववंशशास्त्रज्ञ मॉर्गननं 1877 साली, आईकडून चालणारा वंश आधीचा धरून, मानवी कुटुंबाच्या चढत्या पायऱ्या मांडल्या, एंगेल्सनं 1884 साली त्या उचलल्या. पुढच्या मानववंशशास्त्रानं ती शिडी मोडीत काढली. खासी समाजात धाकट्या लेकीकडं घर जातं, केरळात नायरांची मालमत्ता भाच्यांकडं जाई. यातलं कुणी कुणाच्या वरच्या पायरीवर नाही. मामाची मुलगी करणं आपल्याकडं हक्काचं, उत्तरेत तेच निषिद्ध. इरावती कर्व्यांनी हे प्रांतवार भेद 1953 साली पुस्तकात मांडून ठेवले आहेत.

रीत बदलते याचा पुरावा शोधायला लांब कशाला जायचं? इथल्या बऱ्याच कष्टकरी जातींत पूर्वी देज देऊन मुलगी आणत, म्हणजे पैसा वराकडून जाई. दोन-तीन पिढ्यांत तो उलटा वाहू लागला आणि हुंडा झाला. तेव्हा रीत बुडाली म्हणून कुणी पंचायत बसवली नाही. मग ‘लग्नात दिलं’ म्हणणाऱ्यांना विचारावं, ते दिलं कुणाला? 1961 च्या हुंडाबंदी कायद्याचं सहावं कलम सांगतं, की असं काही दिलं गेलंच तर ते नवरीच्या हाती पोचलं पाहिजे. तिच्या हाती काय पोचतं, ते गावाला ठाऊक आहे.

आता कोयत्याकडं बघा. ऊसतोडीसाठी मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या सुमाराला हे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, घरी म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. एकत्र कुटुंब वर्षातले पाच-सहा महिने नुसतं नावाला असतं. ऊस तोडायला बाई बरोबरीची, उचल फेडायलाही बरोबरीची. फक्त सातबाऱ्यावर ती परकी. शेतीच्या कामात बाई खपते, पण 2015-16 च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका चौदा टक्क्यांच्या आसपास निघाल्या.

तुकड्यांचं तर विचारूच नका. चार भावांत आठ एकराचे चार तुकडे पडतात, तेव्हा ती वाटणी. पाचव्या वाट्याला बहीण आली की जमिनीची नासाडी! माहेराचंही तसंच. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ पुतण्याच्या लग्नात अक्षता टाकायला येतात, कारण भाऊकी तुटत नाही. मग बहिणीचंच नातं एवढं कच्चं कसं?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रानं 1994 साली मुलीला सहदायाद, म्हणजे मुलग्यासारखीच जन्मतः हक्कदार, केलं, पण 22 जूनपूर्वी लग्न झालेल्या वगळल्या. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीनं ती अट गेली. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं.

म्हणून बहिणीनं करून द्यायचं हक्कसोडपत्र आज ‘रीत’ म्हणून सांगतात, त्याचं वय मोजा. पणजोबाच्या काळात, भाऊ असताना, लग्न झालेल्या बहिणीला सोडायला हक्कच नव्हता, मग सोडपत्र कसलं? कायद्यानं हिस्सा दिल्यावरच हा कागद घरोघर आला. बाप वारला की वारस फेरफारात तलाठ्यानं मुलींचीही नावं घालायची असतात. त्यासाठी बहिणीला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत. ते नाव काढायचं असेल, तर मुद्रांक आणून, दुय्यम निबंधकाकडं नेऊन तिची सही आणि अंगठा भावानं मागायचा असतो. गावभर मात्र बोललं जातं, बहिणीनं हिस्सा मागितला.