संगणकाशी गट्टी : एकच यादी, तीन पोशाख



दिवाळी जवळ आली की नागपुरातली पावलं आपोआप सीताबर्डीकडे वळतात. व्हरायटी चौकातून मेन रोडला शिरलात की दोन्ही बाजूंना कपडेच कपडे! आता मला सांगा, तुम्ही शाळेचा गणवेश घाला नाहीतर लग्नातला सदरा, आतले तुम्ही तेच ना? संगणकाच्या पडद्यावरच्या पानांचंही तस्संच असतं, बरं का! पण हे लक्षात घेतलं नाही तर कशी फजिती होते, ते ऐका.

माझी भाची नववीत आहे. घर बर्डीजवळच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं घरातच छोटं वाचनालय काढलं. पुस्तकं तीनशे. कोणतं पुस्तक कपाटात आहे आणि कोणतं बाहेर गेलंय, हे दाखवणारं एक वेब अ‍ॅप्लिकेशनही तिनं तयार केलं. निळ्या पडद्यावर पांढरी, नाजूक अक्षरं. एकदम झकास! पण तिच्या आजींनी मोबाइल नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "कावून वं पोरी, हे अक्षरं हाये का मुंग्या?" दारावर लावायला यादी छापली, तर तो निळा रंग छापण्यातच शाई संपली!

मग बाईसाहेबांनी काय करावं? तीन वेगळ्या याद्या केल्या. एक पडद्यासाठी, एक आजींसाठी मोठ्या अक्षरांची, एक छापायला. आठवडाभर सगळं ठीक चाललं. मग एके दिवशी आजींनी कुणाला तरी एक पुस्तक दिलं आणि आपल्या यादीत 'बाहेर' अशी नोंद केली. बाकीच्या दोन याद्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी खापरीचा एक मुलगा भर उन्हात मेट्रोनं बर्डीला आला. मोबाइलवर 'आहे' असं वाचूनच निघाला होता बिचारा. कपाटात पुस्तक नाही! तो काही बोलला नाही, मुकाट्यानं परत गेला. भाची मात्र त्या रात्री जेवली नाही.

चूक कुठं झाली? माणूस एक, पण कपडे बदलायचे म्हणून तिनं माणसंच तीन केली!

यावर उपाय आहे, तो म्हणजे 'स्टाइलशीट'. मराठीत आपण त्याला नियमपत्र म्हणू. यादी एकच ठेवायची. तिच्यात रंग नाही, आकार नाही. फक्त खुणा करायच्या : हे पुस्तकाचं नाव, हा लेखक, हा कपाटाचा नंबर. नियम वेगळ्या कागदावर, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये. 'पुस्तकाचं नाव ठळक. लेखक तिरपा. क्रमांक देवनागरीत. छापताना पाठीमागचा रंग नको.' नियम एकदा लिहिला की तीनशेच्या तीनशे नावांना लागू! आणि नोंद बदलली की तिन्ही पोशाखांत ती आपोआप बदललेली दिसते.

ही युक्ती सुचवली नॉर्वेच्या होकोन विउम ली यांनी, ऑक्टोबर १९९४ मध्ये. तेव्हा ते स्वित्झर्लंडमधल्या 'सर्न' या संशोधन संस्थेत होते. वेबचा जन्मही तिथलाच. पुढं हॉलंडचे बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले आणि डिसेंबर १९९६ मध्ये 'कॅस्केडिंग स्टाइलशीट्स', म्हणजेच सीएसएसचे पहिले नियम पक्के झाले. कॅस्केड म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा. इथं नियमही असेच एकावर एक येतात : पान लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचेसुद्धा! अक्षर किती मोठं हवं, हे ठरवताना आजींचंही मत धरायचं, असा हा विचार आहे.

पण समजा, यादीचा क्रमच बदलायचाय. दारावर कपाटाच्या नंबरानं, पडद्यावर लेखकाच्या नावानं. तिथं नुसता पोशाख बदलून भागत नाही. त्यासाठी नोव्हेंबर १९९९ मध्ये 'एक्सएसएलटी' नावाचं नियमपत्र आलं. ते मूळ यादी वाचतं, हवं ते निवडतं, क्रम लावतं आणि नवं पान तयार करून देतं. मूळ यादीला मात्र हात लावत नाही.

भाचीनं सगळं पुन्हा मांडलं. दोन दिवस लागले. आता आजींच्या मोबाइलवर टपोरी अक्षरं येतात, दारावर पांढरा कागद लागतो, आणि यादी मात्र एकच! खापरीच्या त्या मुलाला पुस्तक परत आल्याचा निरोप तिनं स्वतः धाडला. तो आला तेव्हा कपाटात पुस्तक होतं.

करून पाहा : पाच पुस्तकांची नावं, लेखक आणि किंमत एका कागदावर साधीच लिहा. दुसऱ्या कागदावर फक्त चार नियम लिहा. दोन्ही कागद मित्राला द्या आणि सजवलेली यादी त्याच्याकडून करून घ्या. मग एकच नियम बदला. मूळ यादीतलं एक अक्षरही खोडावं लागलं नाही, तर समजा, तुम्हाला स्टाइलशीट जमलं!

तुमचा,
संगणकदादा