दोन काठ्यांची एक काठी



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर वरच्या वाडीचे व खालच्या वाडीचे काही तरुण आमच्या भेटीस आले. दोन्ही वाड्यांचे फुटबॉलचे संघ निरनिराळे आहेत. पूर्वी संघात जागा मिळविण्यासाठी चढाओढ लागे. आता मुले नोकरीधंद्यासाठी पुण्याला, गोव्याला, बेंगळूरला गेल्यामुळे अकरा गडी जमविणेदेखील जड जाते. तेव्हा दोहोंचा मिळून एकच संघ करावा, असा विचार त्यांनी मांडला. त्यांच्या मागोमाग दोन्ही वाड्यांतील वडीलधारी मंडळीही आली. “फादर, अशाने आमच्या वाडीचे नाव बुडेल,” हे एकच वाक्य आम्ही दोन्ही बाजूंकडून ऐकले. त्या दिवशी आम्ही काही निर्णय दिला नाही. आज एक हकीकत तेवढी सांगतो.

बेल्जियम देशाच्या ईशान्येस लिंबर्ग नावाचा प्रांत आहे. तेथील गेंक हे एके काळी रेताड माळावर वसलेले लहानसे खेडे होते. १९०१ साली आंद्रे द्युमाँ ह्या भूगर्भशास्त्रज्ञाला जवळच्याच आस गावी भूमीच्या पोटात कोळसा सापडला, आणि त्या खेड्याचे भाग्य पालटले. विंटरस्लाग, वाटरस्खेई व झ्वार्टबर्ग अशा तीन खाणी गेंकच्या हद्दीत निघाल्या. खाणकंपन्यांनी कामगारांसाठी घरे बांधली, शाळा उभारल्या आणि एवढी भव्य ख्रिस्तमंदिरे बांधली की, लोक त्यांना ‘खाणींची कॅथीड्रले’ म्हणू लागले. पोलंड, इटली, ग्रीस, स्पेन, तुर्कस्तान, मोरोक्को अशा देशोदेशींचे लोक पोटासाठी तेथे आले.

प्रत्येक खाणीच्या वसाहतीचा स्वतःचा फुटबॉल संघ असे. वाटरस्खेईच्या संघाचे नाव ‘थोर’. हे नाव ज्या फ्लेमिश शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले, त्यांचा अर्थ ‘आमच्या हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी’ असा होतो. त्यांचे रंग पिवळा व काळा. विंटरस्लागचे रंग तांबडा व काळा. आठवडाभर भूगर्भात घाम गाळावा आणि रविवारी आपल्या रंगांसाठी घसा बसेपर्यंत ओरडावे, असा तेथील क्रम. शेजारी असूनही दोघांमध्ये वैर मोठे होते.

पराक्रमही दोघांचा लहान नव्हता. वाटरस्खेईने १९८० व १९८२ साली बेल्जियमचा चषक जिंकला. १९८३ साली त्यांनी पॅरिसच्या मातब्बर संघाला हरवून युरोपातील चषकविजेत्यांच्या स्पर्धेत उपान्त्य फेरी गाठली. विंटरस्लागने १९८१ साली लंडनच्या आर्सेनल संघाला युरोपीय स्पर्धेतून बाहेर काढले. सांगावयाचे एवढेच की, तेथील वडीलधाऱ्यांनाही आपले नाव राखण्यास सबळ कारण होते.

परंतु पायाखालची भूमीच सरकत होती. कोळशाचा धंदा तोट्यात गेला. १९६६ साली झ्वार्टबर्गची खाण बंद करण्याचे ठरताच मोठा क्षोभ उसळला आणि त्या दंगलीत दोघांचा बळी गेला. पुढे १९८७ साली वाटरस्खेईची व १९८८ साली विंटरस्लागची खाण बंद झाली. हजारो कुटुंबांची भाकर गेली. ज्या खाणींवर हे संघ पोसले गेले, त्याच मिटल्यावर दोघांनी वेगवेगळे जगणे शक्य नव्हते. त्याच १९८८ साली दोन्ही संघ एकत्र झाले आणि रेसिंग गेंक हा नवा संघ जन्मास आला.

आता त्यांनी काय केले, ते नीट पाहा. मैदान वाटरस्खेईचे ठेवले. फुटबॉल महामंडळातील नोंदणीचा क्रमांक, ३२२, विंटरस्लागचा ठेवला. नाव मात्र दोहोंपैकी कोणाचेच घेतले नाही; ज्या गावात दोघे नांदत होते, त्या गावाचे घेतले. आणि रंग? पिवळाही नाही, तांबडाही नाही. निळा व पांढरा असे निराळेच रंग त्यांनी पत्करले. ह्यात कोणी जिंकला नाही, म्हणून कोणी हरलाही नाही.

लगेच यश मिळाले, असे मात्र समजू नये. पहिल्याच हंगामात हा संघ तळाशी राहिला व खालच्या श्रेणीत गेला. १९९० साली तो वर आला, १९९४ साली पुन्हा घसरला, १९९६ साली पुन्हा चढला. “आम्ही म्हणत नव्हतो?” असे बोलावयास ह्याहून चांगली संधी कोणती असणार! तथापि त्यांनी घर मोडले नाही. १९९८ साली त्यांनी राष्ट्रीय चषक जिंकला व १९९९ साली देशाचे अजिंक्यपद मिळविले. पुढे २००२, २०११ व २०१९ सालीही ते अजिंक्य ठरले.

त्या मैदानाच्या नावाची कथाही बोधप्रद आहे. प्रथम त्याला कोळसा शोधणाऱ्या द्युमाँ ह्यांचे नाव होते. पुढे, खाणी बंद करण्याचे कठीण काम ज्यांच्यावर सोपविले होते, त्या थील घेसेलिंक ह्यांचे नाव दिले गेले. त्यानंतर काही वर्षे ते ‘फिनिक्स’ म्हणून ओळखले जाई. राखेतून पुन्हा उठणारा तो पक्षी आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनीही पुनरुत्थानाचे चिन्ह म्हणून मानला होता.

बंधुभगिनींनो, यहेज्केल संदेष्ट्याला देवाने दोन काठ्या घ्यावयास सांगितल्या होत्या. एकीवर यहुदाचे नाव, दुसरीवर योसेफाचे. त्या हातात जोडून एक करावयाच्या होत्या. ध्यानात घ्या, नावे खोडून टाकण्याची आज्ञा नव्हती. नावे काठीवरच राहिली. हात तेवढा एक झाला.

म्हणून वडीलधाऱ्यांना आमचे सांगणे असे की, आपले दुःख खोटे नाही. ज्या रंगांसाठी आपण तरुणपणी गुडघे फोडून घेतले, त्यांची माया सुटणे सोपे नाही. पण संघ मुलांसाठी असतो. मुले संघासाठी नसतात. नाव राखले आणि खेळावयास कोणी उरले नाही, तर ते नाव घेणार कोण? आणि तरुणांनो, तुम्हीही जुन्या ढाली अडगळीत टाकू नका. दोन्ही वाड्यांच्या ढाली एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या वर्षी हार पत्करावी लागली, तर एकमेकांच्या वाडीकडे बोट दाखवू नका.

येत्या रविवारी मिस्सानंतर दोन्ही वाड्यांनी शाळेच्या व्हरांड्यात जमावे. रंग कोणता असावा, हे आम्ही सांगणार नाही. ते तुम्हीच ठरवा; मात्र एका बाकावर बसून ठरवा.