आरआयपी सर, आणि माळ्यावरचे खोके

फोटोग्राफीच्या मास्तरांना सेल्फी टाकून श्रद्धांजली वाहायची, यात काहीतरी फार चुकतंय. सर गेले त्या रात्री आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. बहुतेकांत मधोमध स्वतः, आणि सर कडेला, अर्धे कापलेले. सर असते तर आधी फ्रेमिंगवरून झापलं असतं. ‘सरांनी बघायला शिकवलं’ हे वाक्य इतक्या वेळा आलं की झिजून गेलं. सरांच्या निगेटिव्हचं काय होणार, हे कुणी विचारलं नाही.

‘बघायला शिकवलं’ म्हणजे नेमकं काय? सर ३६ फ्रेमचा एक रोल देत आणि सांगत, एकाच जागी संपवून या. एसटी स्टँड म्हणजे एसटी स्टँडच. रोल धुऊन, सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून आम्ही कॉन्टॅक्ट शीट काढायचो. मग सर भिंग लावून बसत. चांगल्या फ्रेमबद्दल फारसं बोलत नसत. तिच्या आधीच्या दोन-तीन फ्रेमवर बोट ठेवून विचारत, “इथून इथे का सरकलास?” ‘असंच’ हे उत्तर चालत नसे. त्यांचं शिकवणं दोन फोटोंच्या मधल्या जागेत होतं. आज ते कुठे उरलंय? त्यांच्या स्वतःच्या कॉन्टॅक्ट शीटवर, लाल पेन्सिलीच्या खुणांत, फुली मारलेल्या फ्रेममध्ये. इन्स्टाग्रामवर फिरणाऱ्या सात-आठ ‘बेस्ट ऑफ सर’ फोटोंत ते सापडणार नाही. तिथे नुसतं उत्तर आहे, गणित पुसलेलं.

ती सगळी शीट आणि निगेटिव्ह माळ्यावर बुटांच्या खोक्यांत आहेत. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीला आयतं खाद्य, आणि आपला पावसाळा तिला मानवतो. अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ती आकसते, वाकते, आणि त्या आम्लाच्या वाफेने शेजारच्या पट्ट्याही लवकर खराब होतात. त्यातून वाचलंच तर भंगारवाला आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चांदी असते आणि ती काढून घेणारे लोक असतात. माणसाच्या उभ्या आयुष्याचं काम किलोवर जातं.

कॉलेजकडे बघू नका. आमच्या कॉलेजने डार्करूमची स्टोअररूम केली, एन्लार्जर व्हरांड्यात गंजला. त्याच कॉलेजच्या शोकसभेत ‘सरांचं कार्य अमर राहील’ असं भाषण झालं. कशात राहील? फळ्यावर?

१९२७ साली पॅरिसमध्ये युजीन आत्जे नावाचा म्हातारा फोटोग्राफर वारला. जुन्या पॅरिसचे रस्ते, दुकानं, जिने टिपत त्याने आयुष्य काढलं होतं, पण फार थोड्यांना तो माहीत होता. बेरेनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन फोटोग्राफर मुलीने त्याच वर्षी त्याचे पोर्ट्रेट काढले होते. ते फोटो मिरवून ती गप्प बसू शकली असती. तिने त्याच्याकडे उरलेल्या हजारो प्रिंट आणि हजाराहून जास्त काचेच्या निगेटिव्ह विकत घेतल्या, अमेरिकेला नेल्या आणि लोकांच्या मागे लागली. १९६८ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो संग्रह घेतला. म्हणजे चाळीस वर्षं गेली. ती त्याची विद्यार्थिनीसुद्धा नव्हती. आम्ही आहोत म्हणे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सरांना प्रसिद्धी नको होती. नव्हतीच. पण बुरशी लागू न देणं म्हणजे प्रसिद्धी नव्हे. दुसरं उत्तर हळू आवाजात येतं: सर मास्तर होते हो, कलाकार थोडेच? मला खरा राग याचा आहे. राजा दीनदयाळांच्या २८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत, आणि ते योग्यच आहे. पण आठवडी बाजार, बंद पडलेले माग, पुरात बुडालेली पेठ ज्याने रविवारी सायकलवरून फिरून टिपली, त्या मास्तराकडे दिल्लीहून कुणी येणार नाही. गावाकडे त्या पेठेचा दुसरा पुरावाही नाही.

पैसा फार लागत नाही. एका फोनची स्क्रीन पांढरी करा, वर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा थोड्या अंतरावर ठेवा (नाहीतर पिक्सेलची जाळी दिसते), त्यावर निगेटिव्ह कडांना धरून ठेवा, दुसऱ्या फोनने फोटो काढा आणि रंग उलटे करा. म्युझियमच्या दर्जाचं स्कॅन नव्हे, पण कुठल्या खोक्यात काय आहे ते कळतं. मूळ पट्ट्या मात्र कोरड्या, थंड जागी जपायच्याच. आणि वारसांची लेखी परवानगी घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोंवरचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. निगेटिव्ह हातात आली म्हणून ती आपली होत नाही. सरांवर प्रेम होतं म्हणून तर मुळीच नाही.

खोक्यांवर सरांच्या अक्षरात तारखा आहेत. माणसांची नावं नाहीत. ‘हा कोण, ही कुणाची सून’ हे आता फक्त काकूंना सांगता येतं, आणि काकू ७८ वर्षांच्या आहेत. तुमचेही असे कुणी सर असतील, त्यांच्याही घरी कुणी काकू असतील. दिवाळीच्या साफसफाईला माळा निघतो. त्याच्या आधी जा.